वाद आणि साक्ष : मराठी ख्रिस्ती गद्यातील स्वमतमंडन

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ‘ख्रिस्ती मराठी वाङ्मय’ या नावाचे एक वेगळे दालन ठेवण्याची प्रथा रूढ आहे. या दालनात फादर स्टीफन्स यांच्यापासून लक्ष्मीबाई टिळकांपर्यंतची सर्व मंडळी एका रांगेत बसविलेली असतात, आणि त्यांना एकत्र आणणारे सूत्र म्हणजे त्यांचा धर्म, एवढेच समजले जाते. या व्यवस्थेत एक सोय आहे व एक अन्याय आहे. सोय अशी की इतिहासकाराला या ग्रंथांचा उल्लेख करून पुढे जाता येते. अन्याय असा की ज्या लेखनाचा जन्मच विरोधाच्या तोंडी उभे राहून स्वमत सांगण्याच्या गरजेतून झाला, त्या लेखनाला विरोधकांपासूनच अलग काढून ठेवले जाते. बाबा पदमनजींचे गद्य विष्णुबावा ब्रह्मचाऱ्यांच्या गद्याशेजारी ठेवून वाचल्याशिवाय दोघांचेही खरे मोल कळत नाही. पण इतिहासग्रंथांत एकाचे प्रकरण वेगळे असते व दुसऱ्याचे वेगळे.

प्रस्तुत लेखात या वाङ्मयाचा विचार एका मर्यादित प्रश्नाच्या अनुरोधाने करावयाचा आहे. आपली श्रद्धा बहुसंख्य समाजाला अमान्य आहे, हे पक्के ठाऊक असताना ती सांगावयाची कशी? मंडन करताना भाषेचे काय होते? प्रतिपक्षाला निरुत्तर करणे आणि वाचकाला आपला करणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. मराठी ख्रिस्ती लेखकांनी पहिलीत पुष्कळ श्रम वेचले. दुसरी त्यांच्यापैकी थोड्यांनाच साधली. ती ज्यांना साधली त्यांना ती का साधली, हे पाहण्याजोगे आहे.

हा प्रश्न माझ्यापुढे प्रथम भाषांतरकाराच्या अडचणीच्या रूपाने आला. मद्रासमध्ये, आज ज्याला चेन्नई म्हणतात त्या नगरीतील टी. नगरात राहून मराठीतून तमिळमध्ये ने-आण करणाऱ्याला मराठीतले काही शब्द फार छळतात. त्यांतला एक शब्द ‘बाटणे’. पाणी बाटते, सोवळे बाटते, भांडे बाटते, आणि माणूसही बाटतो. क्रियापद एकच. पाण्याला जशी इच्छा नसते तशी या माणसालाही नाही, असे हे क्रियापद गृहीत धरते. कोणी तरी शिवले आणि वस्तू गेली. ‘धर्मांतर केले’ या प्रयोगात कर्ता आहे, त्याचा निर्णय आहे. ‘बाटला’ या प्रयोगात केवळ अपघात आहे. तमिळमध्ये ‘मदमाट्रम्’ हा शब्द आहे, पण तो मतांतर या अर्थाचा, जवळजवळ कचेरीतला शब्द आहे. ‘बाटणे’ या शब्दातील स्वयंपाकघर त्यात नाही. आणि मराठी ख्रिस्ती लेखकाचा खरा प्रतिपक्ष हा शब्दच होता, असे मला वाटते. त्रैक्याचा सिद्धांत किंवा प्रायश्चित्ताचा सिद्धांत मांडण्यापूर्वी त्याला आपण बाटलो नसून आपण काही केले आहे, एवढेच आधी सिद्ध करावयाचे होते. वाक्यातील कर्तेपण परत मिळवण्याचा हा झगडा आहे.

वादाच्या काळाकडे प्रथम वळू. जॉन विल्सन मुंबईत आल्यानंतर १८३० व १८३१ साली त्यांचे शास्त्रीमंडळींशी जाहीर वाद झाले. मोरभट दांडेकरांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली आणि विल्सन यांनी तिला ग्रंथरूपाने उत्तर दिले. पुढे उत्तराला प्रत्युत्तर असा क्रम सुरू झाला. याच सुमारास संस्कृतातही असाच एक वाद पेटला होता, आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथाला पहिले उत्तर १८३९ साली सीहोरच्या सुबाजी बापूंनी दिले. काशीत वाढलेल्या नीळकंठशास्त्री गोऱ्ह्यांनी १८४४-४५ च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून म्यूर यांचे खंडन केले. आणि हेच नीळकंठशास्त्री १८४८ साली बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. १८६० साली त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिले, ते आता उलट बाजूने. एकाच माणसाने दोन्ही पक्ष इतक्या गांभीर्याने लढविल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. पूर्वपक्षाचा प्रामाणिक अनुवाद केल्याशिवाय सिद्धांत मांडू नये, ही आपल्या शास्त्रपरंपरेची शिस्त. गोरे यांनी धर्म सोडला, ती शिस्त सोडली नाही. त्यांचे ख्रिस्ती ग्रंथ रुक्ष आहेत, पण त्यांत थट्टा नाही.

हे गंभीर लोक होते. परंतु वादाचा मराठी भाषेवर जो परिणाम झाला तो पंडितांच्या ग्रंथांमुळे नव्हे, समुद्रकाठच्या वाळूवर झाला. जानेवारी ते मे १८५७ या अवधीत मुंबईच्या किनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जे वाद चालले, त्यांचा वृत्तांत जॉर्ज बोवेन यांनी त्याच साली इंग्रजीत छापला. मराठीत तो ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ या नावाने बऱ्याच वर्षांनी आला. वृत्तांत एका पक्षाच्या हातचा आहे, तेव्हा विष्णुबावांची उत्तरे त्यात जशी दिसतात तशीच ती दिली गेली असतील असे धरून चालू नये. त्यांचा स्वतःचा ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ १८५९ चा; तो शेजारी ठेवला म्हणजे तोल बराचसा सावरतो. पण वृत्तांतातूनही एक गोष्ट दिसते. येथे श्रोता समोर आहे. तो पंडित नाही; तो गुजराती आहे, पारशी आहे, गिरणगाव होण्यापूर्वीच्या मुंबईतला कारागीर आहे. त्याच्यासमोर वाक्य लांबले की माणसे उठून जातात. मोरभटांच्या पिढीतील पोथीचे मराठी आणि मिशनऱ्यांचे कोशातून जुळविलेले मराठी, दोन्हींना या वाळूवर आपली शब्दकळा हलकी करावी लागली. मराठी निबंधाच्या जन्माचे श्रेय आपण शाळाखात्याला आणि चिपळूणकरांना देतो. त्यात चूक नाही. पण प्रश्न, आक्षेप, दृष्टांत, चिमटा आणि उत्तर या क्रमाने बोलणारे गद्य त्यांच्या आधी वादाच्या फडात तयार झाले होते.

या वादाचे दोषही उघड आहेत. मिशनरी पुराणातील कथा शब्दशः घेतात व त्यांची नीतीच्या तराजूत तोलणी करतात. विष्णुबावाही बायबलमधील कथांशी नेमके तेच करतात. अर्थवाद म्हणजे काय, रूपक म्हणजे काय, हे दोन्ही पक्षांना स्वतःच्या ग्रंथापुरते ठाऊक आहे, दुसऱ्याच्या ग्रंथाला ते लागू करण्याची कोणाची तयारी नाही. शिवाय एका पक्षामागे राज्यकर्त्यांची जात उभी होती. राज्यसत्तेने धर्मप्रसाराला उघड मदत केली असे म्हणता येणार नाही. १८४३ साली नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत याला न्यायालयाने मिशनकडून काढून घरच्यांच्या स्वाधीन केले, आणि त्याला पुन्हा ज्ञातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांना स्वकीयांशीच झगडावे लागले. तरीही गोरा पाद्री आणि कृष्णवर्णी शास्त्री हे समान भूमीवर उभे नव्हते, हे श्रोत्यांना दिसत होते. मद्रासेत याच काळात, १८४४ साली, गाजुलु लक्ष्मीनरसू चेट्टी यांनी ‘क्रेसेंट’ पत्र काढले ते या विषमतेच्या जाणिवेतूनच. धर्मांतरिताचा वारसाहक्क राखणारा १८५० चा कायदा आला तेव्हा इकडे झालेला विरोध केवळ कर्मठपणाचा होता, असे मानणे म्हणजे त्या पिढीवर अन्याय करणे होय. तिला धर्माबरोबर घरही जाताना दिसत होते.

या विरोधाच्या ऐन मध्यावर बाबा पदमनजी उभे आहेत. बेळगावच्या कासार कुटुंबात १८३१ साली जन्म, मिशनच्या शाळांत शिक्षण, परमहंस मंडळीत प्रवेश, आणि ३ सप्टेंबर १८५४ रोजी बेळगावात बाप्तिस्मा. पुढे शंभराहून अधिक लहानमोठी पुस्तके. त्यांतील बहुतेक आज कोणी वाचत नाही, आणि वाचावीत असा आग्रह मी धरणार नाही. पण ‘अरुणोदय’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचले पाहिजे, आणि ते त्यातील धर्मोपदेशाच्या भागासाठी नव्हे. ‘अरुणोदया’तील परमहंस मंडळीचे चित्र हे माझ्या मते एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याच्या उत्तम पानांपैकी आहे. मंडळीचे सभासद जातिभेद मानत नसत, एकत्र बसून पाव खात, देव एक आहे असे म्हणत; आणि हे सर्व दार लावून. बाहेर पडले की पुन्हा सोवळे, पुन्हा ज्ञातिभोजने. पदमनजी या मंडळीची टवाळी करीत नाहीत. तेही त्या लावलेल्या दाराच्या आत बसलेले आहेत. आपण जे मानतो ते उघड बोलण्याचे भय कसे असते, घरची माणसे डोळ्यांसमोर कशी उभी राहतात, आणि उद्या सांगू असे म्हणता म्हणता वर्षे कशी जातात, याचे वर्णन ज्याने ते भय भोगले आहे त्यालाच करता येईल असे आहे. पुढे १८६० च्या सुमारास मंडळीच्या सभासदांची यादी बाहेर फुटली आणि मंडळी विस्कळीत झाली. नावे कळताच जी संस्था मोडते तिच्यात श्रद्धा किती आणि कुतूहल किती, हा प्रश्न पदमनजींनी आपल्या परीने आधीच सोडविला होता.

मंडळीचे दुसरे एक आधारस्तंभ दादोबा पांडुरंग यांचे उदाहरण येथे ताडून पाहण्यासारखे आहे. १८७८ साली त्यांनी स्वीडनबोर्गच्या ग्रंथांविषयी इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. त्यांचे मन ख्रिस्ती विचाराकडे किती झुकले होते ते त्यातून दिसते. पण बाप्तिस्मा त्यांनी घेतला नाही. दोघांत अधिक प्रामाणिक कोण, हा न्यायनिवाडा समीक्षकाने करू नये. गद्याच्या बाजूने मात्र बोलता येते. दादोबांनी आपले अंतरंग इंग्रजीत उघड केले, पदमनजींनी मराठीत. ज्यांच्यापासून लपवावयाचे त्यांच्याच भाषेत बोलणे, हे धैर्य मराठी आत्मचरित्राच्या उपयोगी पडले.

‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीचा उल्लेख पहिली मराठी कादंबरी म्हणून सर्वत्र होतो, आणि बहुधा तेवढाच होतो. यमुना व विनायक यांच्या प्रवासात भेटणाऱ्या विधवांच्या हकिगती एकामागून एक येतात. त्या प्रत्यक्ष पाहिलेल्या वाटतात. विनायकाच्या मृत्यूनंतर यमुनेवरच तो प्रसंग गुदरतो, तेव्हा तर प्रवासातील पाहणारी स्वतःच पाहिली जाऊ लागते, ही कलाटणी कोणाही कादंबरीकाराला भूषणावह ठरली असती. परंतु पदमनजींना थांबता येत नाही. प्रत्येक दुःखाच्या पायथ्याशी त्यांना एक निष्कर्ष लिहावासा वाटतो, आणि शेवटी यमुनेचा बाप्तिस्मा व पुनर्विवाह यांनी हिशेब पुरा केला जातो. कथेने जे पटविले होते ते युक्तिवादाने पुन्हा पटविण्याच्या नादात लेखक स्वतःच्या साक्षीदाराची उलटतपासणी करतो. मंडनाच्या हौसेने कलेची हानी होते, एवढेच म्हणून येथे भागत नाही. मंडनाचीही हानी होते.

इकडे तमिळ प्रदेशात हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला गेला, आणि त्याची एक वाट मराठी राजाच्या दरबारातून गेली आहे. तंजावरचे दुसरे सरफोजी (१७७७-१८३२) आणि वेदनायगम शास्त्री (१७७४-१८६४) हे दोघेही जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांचे विद्यार्थी. शिष्यांपैकी एक ख्रिस्ती कवी झाला. दुसरा हिंदू राजा राहिला, बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली त्याने भोसलेकुलाचा मराठी शिलालेख कोरविला, आणि आपल्या ख्रिस्ती गुरूचे संगमरवरी स्मारक फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसविले. दोघांनी कुरवंजी हा एकच नाट्यप्रकार हाताळला हे विशेष. शास्त्रींची ‘बेथलेहेम कुरवंजी’ तमिळमध्ये, सरफोजींची ‘देवेंद्र कुरवंजी’ मराठीत. कुरवंजीत डोंगरावरची कुरत्ती येऊन नायिकेचा हात पाहते व भविष्य सांगते; शास्त्रींनी तिच्या तोंडी ख्रिस्तकथा घातली, राजाने जगाचा भूगोल घातला. तमिळ ख्रिस्ती कवीला आपली श्रद्धा सांगण्यासाठी प्रथम खंडन करावे लागले नाही. त्याच्याजवळ रंगभूमी होती, राग होते, ओळखीची कुरत्ती होती. याचा अर्थ तो उदार होता असा मात्र कोणी करू नये. नव्या मिशनऱ्यांनी चर्चमध्ये जातिभेद मोडण्याचा आग्रह धरला तेव्हा याच शास्त्रींनी त्यांना कडाडून विरोध केला. रूपाची देशीयता घेतली की तिच्याबरोबर देशातले बरेच काही येते.

तमिळमधील दुसरे उदाहरण एच. ए. कृष्ण पिळ्ळै (१८२७-१९००) यांचे. वैष्णव वेळ्ळाळ कुटुंबात जन्मलेल्या या पंडिताने १८५८ साली मद्रासेत बाप्तिस्मा घेतला, आणि १८९४ साली ‘रक्षण्य यात्रिकम्’ हे महाकाव्य प्रसिद्ध केले. बन्यनचा यात्रेकरू त्यांनी कंबनाच्या वाटेने चालविला. हाच ग्रंथ मराठीत हरि केशवजींनी १८४१ साली ‘यात्रिकक्रमण’ म्हणून आणला होता, गद्यात. एका भाषेत बन्यनचे भाषांतर झाले, दुसरीत त्याचे काव्य झाले. हा फरक प्रतिभेचा असेल. पण तो मला वारशाचाही वाटतो. कृष्ण पिळ्ळै यांनी कंबन सोडला नाही. पहिल्या पिढीच्या मराठी ख्रिस्ती लेखकाने मात्र ज्ञानेश्वर-तुकारामांकडे पाठ फिरविली, कारण वादाच्या फडात ते प्रतिपक्षाचे साक्षीदार होते. विरोधाचेही असेच. यात्रिकमच्या कित्येक वर्षे आधी, १८५४ साली, आरुमुग नावलर यांनी शैवमताच्या रक्षणार्थ जे पुस्तक लिहिले त्यामागे बायबलच्या तमिळ भाषांतराला स्वतः हातभार लावल्याचा अनुभव होता. प्रतिपक्षाचा ग्रंथ शब्दाशब्दाने हाताळलेला विरोधक आपल्या विष्णुबावांना मिळता तर समुद्रकाठचे वाद निराळे झाले असते.

मराठीत या वारशाकडे परत वळले ते नारायण वामन टिळक. वळले म्हणण्यापेक्षा दुवा पुन्हा जुळविला म्हणावे. कारण १६१६ साली स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराणा’त ओवी घेतलीच होती, आणि तीही नवख्रिस्ती श्रोत्यांना त्यांच्या जुन्या पुराणांच्या जागी काही तरी हवे होते म्हणून. गोव्यात तेव्हा सत्ता ख्रिस्ती होती, तेव्हा स्टीफन्सना विरोध नव्हताच असे वाटेल. पण १५८३ साली कुंकळ्ळीला जे जेझुइट मारले गेले त्यांची प्रेते ताब्यात घेण्याचे काम याच स्टीफन्सवर आले होते. तेहतीस वर्षांनंतर लिहिलेल्या पुराणाचा स्वर ते ठाऊक असलेल्या वाचकाला चकित करतो. त्यानंतर थोड्याच वर्षांनी फादर एतियेन द ला क्रुआ यांनी ओव्यांतच जे पुराण लिहिले ते खंडनाने भरलेले आहे. ओवी तीच, एकीने लोक गाऊ लागले, दुसरी अभ्यासकांपुरती उरली.

टिळकांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे थोडक्यात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा कवी तुकारामाला आपल्या आणि ख्रिस्ताच्या मधला पूल समजत असे. अभंग हा त्यांनी प्रचाराचे साधन म्हणून उचलला, अशी टीका पूर्वी झाली. ती मला मान्य नाही. साधन म्हणून उचललेला छंद लवकर ओळखू येतो. त्यात यमक चोख असते आणि श्वास नसतो. टिळकांच्या कमकुवत अभंगांत हे दिसते, चांगल्या अभंगांत दिसत नाही. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तेव्हा त्यांच्या भक्तिमार्गाची अडचण हिंदूंइतकीच मिशनलाही वाटत होती हे स्पष्ट झाले. मद्रासेत हा प्रश्न पुढे पंडिती पातळीवर गाजला. १९३८ च्या डिसेंबरात येथून जवळच तांबरमला जागतिक मिशनरी परिषद भरली, आणि तिच्या निमित्ताने चेंच्चय्या, चक्करै प्रभृती मंडळींनी भारतीय ख्रिस्ती विचाराची जी स्वतंत्र मांडणी केली, तिचे बीज टिळकांनी वीस वर्षे आधी मराठीत, तात्त्विक गाजावाजा न करता, पेरले होते.

हा दुहेरी विरोध ज्यांनी सर्वांत तीव्रपणे सोसला त्या पंडिता रमाबाई. त्यांचे मातापिता १८७४ साली मद्रास इलाख्यातील भ्रमंतीत, दुष्काळात गेले. वडील पुराणिक होते आणि उपासमारीतही पुराण सांगण्याखेरीज दुसरी वृत्ती त्यांनी धरली नाही. ही कन्या १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेते, आणि लगेच दोन आघाड्यांवर उभी राहते. पुण्यात शारदासदनावरून वादळ उठले, ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, १८९३ साली रानडे-भांडारकरांसारख्यांनीही सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्याआधीची, इंग्लंडातली कथा १९७७ साली तिचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला तेव्हा सर्वांपुढे आली. सिस्टर जेराल्डीन यांना लिहिलेली ही पत्रे इंग्रजीत आहेत; पण युक्तिवादाचा घाट शास्त्रार्थाचा आहे. क्रूसावरची अक्षरे लॅटिनच का, संस्कृत का नकोत. माझ्या बुद्धीला न पटलेला सिद्धांत मी बिशपच्या शब्दाखातर का मानावा. येथपासून हा वाद सुरू होतो. धर्म स्वीकारला म्हणजे पंथाचे दास्य स्वीकारले असे नव्हे, हे त्या ज्या शांतपणे व हट्टाने सांगतात तो हट्ट अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरातला आहे. १९०७ च्या त्यांच्या ‘साक्षी’त मात्र हा तीक्ष्णपणा निवळलेला दिसतो. भक्ताला ती प्रगती वाटेल. वाचक म्हणून मला पत्रांतील रमाबाई अधिक जवळच्या वाटतात, हे सांगून टाकतो.

आणि मग ‘स्मृतिचित्रे’. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेला हा ग्रंथ स्वमतमंडनाच्या वाङ्मयात धरावा की नाही, याचाच प्रथम वाद होईल. लक्ष्मीबाईंना काही सिद्ध करावयाचे नव्हते, असे सर्वजण म्हणतात. मला हे अर्धेच खरे वाटते. त्यांना पुष्कळ सांगावयाचे होते; युक्तिवादाची शाळाच त्यांना लाभली नव्हती, म्हणून ते प्रसंगांतून सांगावे लागले. पदमनजींपुढे सोवळ्याचा विषय आला असता तर त्यांनी सोवळ्यावर निबंध लिहिला असता. लक्ष्मीबाई मीठसाखरसुद्धा धुऊन घेणाऱ्या आपल्या वडिलांचे चित्र काढतात. आपण हसतो, आणि हसता हसता घरातील बायकांचे हाल दिसू लागतात, आणि तरीही त्या वडिलांचा तिरस्कार येत नाही. मिशनऱ्यांच्या पन्नास पुस्तिकांना जे साधले नाही ते या चार पानांत साधले आहे. आणि त्यातून हिंदू धर्म हे लक्ष्य आहे असे वाटतही नाही, कारण हाच विनोद पुढे टिळकांच्या उधळेपणावर, मिशनच्या शिस्तीवर आणि सर्वांत जास्त स्वतःवर चालतो. प्रतिपक्ष म्हणून कोणी उरतच नाही.

टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर त्या वेडाच्या काठापर्यंत गेल्या, काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या, पुढे एकत्र आल्यावरही आपले सोवळे वेगळे ठेवून राहिल्या, आणि १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाल्या. या पाच वर्षांच्या हकिगतीत एक गोष्ट मला असामान्य वाटते. वाचकाची सहानुभूती पूर्णपणे बाप्तिस्म्याच्या विरोधात जाईल अशा रीतीने त्या लिहितात. घर मोडल्याचा आक्रोश, नातेवाइकांची माया, टिळकांचा निष्ठुर भासणारा निर्णय: विरोधकांचा पक्ष याहून प्रभावीपणे विरोधकांनाही मांडता आला नसता. पूर्वपक्षाचा प्रामाणिक अनुवाद, तो हा. नेहेम्या गोऱ्ह्यांनी शास्त्राच्या बळावर जे केले ते जेमतेम लिहावाचावयास शिकलेल्या या बाईने अनुभवाच्या बळावर केले. त्यामुळे त्यांचा स्वतःचा बदल जेव्हा येतो, प्रथम जातिभेद माणसांनी केला आहे या विचाराच्या रूपाने आणि मग सावकाश श्रद्धेच्या रूपाने, तेव्हा तो वाचकाला अडवून उभा राहत नाही. ‘बाटली’ हा शब्द या पुस्तकाच्या वाचकाच्या तोंडून निघू शकत नाही. तो खोडून काढलेला नाही. निरुपयोगी झाला आहे.

मराठी वाचकाने हा ग्रंथ आपला मानला, हे खरे. पण कौतुक नेहमी ‘साधी, भाबडी’ शैली या शब्दांत झाले आणि तेथेच थांबले. साधेपणाचे कौतुक ही नाकारण्याचीही एक सभ्य तऱ्हा असते. लक्ष्मीबाई भाबड्या होत्या असे म्हटले की त्यांनी काय निवडले याचा विचार करावा लागत नाही, आणि ‘बाटणे’ या क्रियापदाने हिरावून घेतलेले कर्तेपण मागच्या दाराने पुन्हा हिरावले जाते.

तमिळ वाचकाची गोष्ट निराळी. मराठी कथावाङ्मय इकडे आले ते का. श्री. श्री. यांच्यासारख्या थेट मराठीवरून भाषांतर करणाऱ्यांमुळे, आणि खांडेकर तमिळ घरांत पोहोचले. लक्ष्मीबाईंचे वाक्य खांडेकरांच्या वाक्याहून कितीतरी कठीण आहे. त्यात अलंकार नाहीत, म्हणून धरावयास काही नाही. इंकस्टर यांच्या १९५० च्या इंग्रजी भाषांतरात आणि शांता गोखले यांच्या २०१७ च्या भाषांतरात या अडचणीचे दोन निरनिराळे तोडगे दिसतात. नव्या भाषांतरात विनोद अधिक जिवंत राहिला आहे. पण इंग्रजीला सोवळे समजावून द्यावे लागते, तमिळला लागत नाही. ‘मडि’ हा शब्द म्हैलापूरच्या स्वयंपाकघरात आहेच.

खरा पेच पुढे येतो. प्रॉटेस्टंट मराठीने ‘बाप्तिस्मा’ हा ग्रीक शब्द ठेवला. वसईकडील कॅथलिक ‘स्नानसंस्कार’ म्हणतात, पण तो लक्ष्मीबाईंचा शब्द नव्हे. तमिळ प्रॉटेस्टंटांचा रूढ शब्द ‘ज्ञानस्नानम्’. कॅथलिकांनी अलीकडे ‘तिरुमुळुक्कु’ हा शुद्ध तमिळ शब्द स्वीकारला आहे. जिचे सारे बालपण स्नान, ओलेती वस्त्रे आणि धुतलेले मीठ यांत गेले, तिच्या कहाणीत निर्णायक क्षणी ‘स्नान’ हा शब्द यावा, ही विसंगती मराठी मूळात नाही; तमिळ भाषा ती भाषांतरकाराच्या ओंजळीत आपण होऊन टाकते. मूळात नसलेला अर्थ घेऊ नये, असा नियम आहे. ग्रीक उच्चार ठेवला तर तो तमिळ कानाला परका लागेल, ‘तिरुमुळुक्कु’ घेतला तर लक्ष्मीबाई कॅथलिक वाटतील. मी ‘ज्ञानस्नानम्’च्या बाजूचा आहे. पहिल्या भागात वडिलांच्या धुण्याच्या प्रकरणात ‘कुळियल्’ हा साधा तमिळ शब्द वापरावा आणि ‘स्नानम्’ तेथे कोठेही येऊ देऊ नये, म्हणजे पुढे तो येईल तेव्हा अर्थ वाचकाच्या कानात हळूच वाजेल, मोठ्याने नाही.